न्हाणीतली दाढ

चितेगावला आमच्या शेतालगतच्या ओढ्यात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एक दगड सापडला. अर्ध्या विटेएवढा, वजनदार, आणि एका अंगाला आडव्या धारांच्या ओळी. अण्णांनी तो कौतुकाने घरी आणला आणि आईने तितक्याच कौतुकाने न्हाणीत ठेवला.

"वज्री झाली बग. टाचा लई भारी निघत्यात," ती म्हणाली.

अण्णांच्या मते ते डायनासोरचं हाड होतं. पण बायको ज्या वस्तूने टाचा घासते ती थोर असू शकते, हे गावात कुणाला पटवणार?

तसंही वाद घालायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. सगळे दात गेल्यापासून ते दुधात कुस्करलेल्या भाकरीवर होते, तीही अर्धी टाकायचे. मी शहरात नेऊन त्यांना कवळी करून आणली होती, ती डबीतच होती. "जन्मात कुणाचं उसनं घेतलं नाय, आता दात घेऊ व्हय?" सदरा खांद्यावरून ओघळायला लागला होता. मला फार भीती वाटायची. आईला भीती वाटली की ती रागावते, त्यामुळे दोन्ही वेळच्या जेवणाला कवळीवरून वाजायचं.

एका रविवारी माहेरी टाचा घासताना मी त्या धारा नीट पाहिल्या. दगडाला इतक्या शिस्तीत कोण वळ्या पाडणार? फोटो काढून, आम्ही याने टाचा घासतो असं लिहून, आमच्या बिल्डिंगमधल्या भूगर्भशास्त्राच्या सरांना पाठवला. "आधी घासणं थांबवा," असा निरोप आला आणि पाठोपाठ सरच आले.

ओसरीवर बसून त्यांनी तो ब्रशने साफ केला, भिंगातून निरखला. "हाड नाही, दाढ आहे. हत्तीची. हजारो वर्षांपूर्वी गोदावरीच्या खोऱ्यात रानहत्ती फिरायचे. तिचा पार दगड झालाय."

डायनासोर हातचा गेला म्हणून अण्णा हिरमुसले. आई मात्र हादरली. "अगं बाई, गणपतीच्या दाढंला टाचा घासल्या म्या!" म्हणून तिने दाढेपुढे नाक घासलं.

"मेला कशानं म्हनायचा?" अण्णांनी विचारलं. त्यांना बहुधा वाघ हवा होता.

"बहुतेक उपासमारीनं. हत्तीला जन्मात सहा वेळा दाढा येतात. ही शेवटची दिसते, आणि पार झिजलीय. मग पुढ्यात चारा असला तरी चावता येत नाही. जनावर खंगत जातं."

आईची आणि माझी नजर अण्णांच्या ओघळलेल्या सदऱ्याकडे गेली. सर बिचारे आमच्या तोंडाकडे बघत राहिले.

"ऐकलं का?" आई म्हणाली. "येवढा हत्ती, पर कवळी करून द्यायला त्याला लेक नव्हती."

"बोलनारी बायकू बी नसंल. सुखानं मेला आसंल," अण्णा म्हणाले.

सर दाढ कापडात गुंडाळून अभ्यासाला घेऊन गेले. दुपारी आईने सवयीने दुधाची वाटी पुढे केली. अण्णा उठून आत गेले. आले तेव्हा त्यांचे बसलेले गाल वर आलेले होते.

"कोरडी भाकर वाढ. अन् ठेचा दे."

पहिला घास ते किती तरी वेळ चावत होते. आम्ही दोघी उगाच भलतीकडे बघत होतो. शेवटी घास उतरला.

"ठेच्यात मीठ कमी हाय," ते म्हणाले.

एरवी आईने त्यांच्या सात पिढ्या काढल्या असत्या. आज ती मुकाट्याने उठली, मीठ आणते म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. मीठ तर ताटाशेजारीच होतं.