डाव्या हाताचा वस्तरा

नाशकात मखमलाबाद नाक्यावर बिडवे बंधूंचं सलून होतं. थोरला झुंबर आणि धाकटा चंदर. दुकान दोघांचं असलं तरी गिऱ्हाईक झुंबरसाठी बाकावर खोळंबून बसायचं. त्याचा हात इतका हलका की वस्तरा गालावरून गेला हे साबण पुसल्यावर कळायचं. मळ्यातले म्हातारे तर खुर्चीत डोळे मिटायचे ते चंपी झाल्यावरच उघडायचे.

१९९४च्या उन्हाळ्यात सिन्नरहून लग्न आटोपून येताना झुंबरची जीप उलटली. बाकीच्यांना खरचटण्यावर भागलं. झुंबरच्या उजव्या कोपराखाली मात्र काच खोल घुसली. जखम भरली, टाके निघाले, पण अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काही मिटेना. पेला धरायला गेला की निसटायचा.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "नस तुटली आहे. ओझं उचलाल, दार ढकलाल, पण बारीक काम या हातानं होणार नाही."

झुंबरची बायको साधना शेजारी उभी होती. तिनं विचारलं, "दाढी?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

चंदर भावाला जीव लावणारा होता. तो म्हणाला, "दादा, तू गल्ल्यावर बस, दुकान मी ओढतो." मामांनी सिन्नरच्या एका कारखान्यात वॉचमनची जागा बघून ठेवली. झुंबरनं दोघांनाही नाही म्हटलं नाही आणि होही म्हटलं नाही. रोज सकाळी दुकानात येऊन तो कोपऱ्यात बसायचा. चंदरचा वस्तरा एखाद्या हनुवटीवर अडखळला की त्याच्या उजव्या मनगटाला आपोआप झटका बसायचा.

पावसाळा सरता सरता कोंडाजीबाबा दुकानात आले. नाक्याच्या पलीकडे त्यांचा झेंडूचा मळा होता. वीस वर्षं त्यांनी झुंबरशिवाय कुणाला गालाला हात लावू दिला नव्हता. आता त्यांची पांढरी दाढी छातीकडे निघाली होती.

"बसा बाबा, चंदर करेल," झुंबर म्हणाला.

"चंदर लय दाबतो. तू कधी करतो ते सांग."

"माझा हात गेला, बाबा."

"एकच गेला ना?" असं म्हणून ते तसेच दाढीसकट निघून गेले.

त्या दुपारी चंदर जेवायला घरी गेल्यावर झुंबरनं दाराला आतून कडी घातली आणि वडिलांच्या हातचा जुना वस्तरा डाव्या हातात घेतला. पातं बदलायचे नवे वस्तरे तेव्हा नुकते येऊ लागले होते, पण झुंबरचा भरवसा या लोखंडावर होता. मात्र तो डाव्या हातात परक्यासारखा बसला. बोटं कुठं ठेवायची, करंगळी पात्यामागच्या शेपटीवर किती टेकवायची, हे उजव्या हाताला विचार न करता येत होतं. डाव्याला काहीच ठाऊक नव्हतं. नुसता चामड्याच्या पट्ट्यावर घासायला गेला तर पहिल्याच फेऱ्यात धार बोथट झाली आणि पट्ट्यालाही चीर गेली.

मग त्यानं मुळापासून सुरुवात केली. आधी दगडावर धार लावायला शिकला. मग मातीच्या माठाला साबण फासून वस्तऱ्यानं तो फेस काढू लागला. माठ जमल्यावर टोमॅटो घेतले. पिकलेल्या टोमॅटोची साल जरा हात तिरपा झाला की फाटते. किती फाटले याचा हिशेब घरात कळायचा.

"अहो, आजही टोमॅटोचीच चटणी," साधना ताट वाढताना म्हणायची.

"चिरलेले असतील तर करायचीच ना."

"चिरलेले? यांचा तर जीव गेलाय."

दोघंही हसायचे. अपघातानंतर त्या घरात पहिल्यांदा हसू आलं ते असं.

टोमॅटो शाबूत राहू लागले तेव्हा झुंबरनं स्वतःच्या गालाला साबण लावला. आरशात सगळं उलटं दिसायचं. कानाखाली कापलं, ओठावर कापलं. वर्तमानपत्राचे कपटे आणि तुरटी लावून तो घरी आला तेव्हा आई, साळूबाई, रडायलाच लागली. "झुंबर, मामाची नोकरी धर रे. जीव देतोस का?"

अडचण डाव्या हाताची नव्हतीच, हे त्याला हळूहळू उमगलं. वस्तरा चालतो तो दुसऱ्या हाताच्या जिवावर. कातडी ताणून धरली नाही तर पातं अडकणारच. आणि ताणायला उजव्याची बोटं मिटत नव्हती. तळव्यानं दाबलं तर साबणामुळे सटकायचा. त्यानं हे साधनाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तवा उतरवून उठली, जुन्या सुती लुगड्याची पट्टी फाडली आणि त्याच्या उजव्या तळव्याला गुंडाळून गाठ मारली.

"आता ओढा."

त्यानं स्वतःच्या गालावर तळवा टेकवून वर ओढला. कातडी ढोलकीसारखी ताणली गेली. त्या दिवशी त्याची दाढी एकही कपटा न लावता झाली.

दुसऱ्या सकाळी वस्तऱ्या-कात्रीची धोकटी घेऊन तो थेट मळ्यात गेला. कोंडाजीबाबा बाजेवर बसून फुलं निवडत होते. त्यांनी टोपी काढली. सत्तरीचा चेहरा, बसलेले गाल, सुरकुत्यांच्या घड्या. यापेक्षा अवघड दाढी पंचवटीत दुसरी नसेल. झुंबरनं लांब केस कात्रीनं उतरवले, साबण घोळवला आणि वस्तरा टेकवला. कानाजवळ एका घडीत पातं लागलं.

"रगत आलं?"

"एक थेंब, बाबा."

"मग तुरटी लाव अन् दुसरा गाल घे. फुलं बाजारात न्यायचीत."

दुसऱ्या गालावर थेंबही आला नाही.

झुंबरला वाटलं, आता आपली खुर्ची पुन्हा सुरू. पण गिऱ्हाईक बसेना. डाव्या हातात वस्तरा दिसला की लोक "चंदर मोकळा होऊ दे" म्हणत बाकाकडे सरकायचे. कुणी भीतीनं, कुणी डावा हात तोंडाला नको म्हणून. चंदरही ओशाळून म्हणायचा, "दादा, मी काय सांगू त्यांना?" झुंबर कुणाशी वाद घालत नसे. मार्केटचे दोन-चार हमाल आणि कोंडाजीबाबा, एवढ्यांवर त्यानं हात चालता ठेवला.

पुढच्या वैशाखात बाबांच्या नातवाचं, सुदामचं, लग्न निघालं. हळदीच्या सकाळी मांडवात नवरदेवाची दाढी करायला दोघं भाऊ गेले. सुदाम पाटावर बसला आणि चंदर साबण लावता लावता थांबला. पोराच्या गालावर, हनुवटीखाली मुरूमच मुरूम होते. काही पिकलेले. चंदरनं भावाच्या कानात सांगितलं, "दादा, माझ्यानं रक्त निघेल. सगळा मांडव बघतोय."

"झुंबर करील," कोंडाजीबाबा मागून म्हणाले.

नवरदेवाची आत्या कुसाबाई हळदीचं ताट घेऊन उभी होती. तिनं ताट खाली ठेवलं. "बाबा, आज? हळदीच्या अंगाला डावा हात? लोक काय म्हणतील?"

झुंबरचे कान तापले. तरी तो शांतपणे म्हणाला, "आत्याबाई, हात डावाच हाय. पण आधी बाबांच्या गालावरनं हात फिरवून बघा. मग तुम्ही म्हणाल ते."

कुसाबाईनं खरंच वडिलांच्या गालावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला.

तेवढ्यात सुदामच म्हणाला, "आत्या, गाल माझा हाय. करा झुंबरभाऊ."

झुंबरनं तळव्याला पट्टी बांधली. खुर्चीच्या ज्या बाजूला आयुष्यभर उभा राहिला होता ती सोडून तो पाटाच्या दुसऱ्या बाजूला गेला. चंदर गरम पाण्याची वाटी धरून त्याच्याजवळ बसला. थोरल्याच्या हाताखाली धाकटा, शिकायला लागला तेव्हा बसायचा तसा. वस्तरा गालावर उतरला. मुरूम आला की झुंबर तळव्यानं कातडी किंचित बाजूला घ्यायचा आणि पातं त्याच्या कडेनं वळवायचा, पाणी दगडाला वळसा घालतं तसं. बायकांची गाणी थांबली होती. गळ्याच्या घाटीवर वस्तरा गेला तेव्हा कुसाबाईनं पदर तोंडाशी धरला. शेवटी त्यानं ओल्या पंचानं फेस टिपला.

पंचा पांढराच्या पांढरा होता.

"तुरटी दे," झुंबर म्हणाला.

"कशाला? कुठं लावणार?" चंदर म्हणाला आणि मांडवभर हशा उसळला. चंदरच्या डोळ्यांत पाणी आलेलं सगळ्यांनी पाहिलं.

कुसाबाईनं मानाची टोपी आणि उपरणं आणलं. उपरणं झुंबरच्या खांद्यावर घालताना तिनं त्याचा डावा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यालाच हळदीचं बोट लावलं. तोवर नवरदेवाचे वडील पाटावर येऊन बसलेही होते. त्यांच्यामागे काका, त्यांच्यामागे मामा. हळद लागायला उशीर झाला, पण कुणी कुरकुरलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात चंदरनं दुकानातली एक खुर्ची आणि आरसा फिरवून झुंबरच्या डाव्या हाताच्या सोयीनं बसवला. दिंडोरीकडचे द्राक्षवालेसुद्धा नाशकात आले की "डावऱ्याकडे" दाढी करून जाऊ लागले.

२००३च्या सिंहस्थात झुंबर रामकुंडावर होता. दुकानात तोवर प्रत्येक गिऱ्हाईकाला नवं पातं आलं होतं. घाटावरही तो तेच वापरायचा. पहाटेपासून माणसांची रांग आणि एकामागून एक मुंडायची डोकी. परमुलखातला एक यात्रेकरू त्याचा हात बराच वेळ न्याहाळत होता.

"उस्ताद, जन्मापासून डावरे आहात का?" त्यानं हिंदीत विचारलं.

"नाही," झुंबर म्हणाला. "मोठेपणी शिकलो. मान जरा खाली घ्या."