आधीच धुतलेले पाय

नातवंडांनो, पुढच्या महिन्यात चर्चमध्ये तुमचं दृढीकरण आहे, श्रद्धेत पक्कं करणारा संस्कार. आता तुम्ही पुरुष झालात, असं सगळे म्हणतील. त्याआधी हे सांगायला हवं.

येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या स्मरणार्थ पवित्र गुरुवारी आमच्या चर्चमध्ये फादर गावातल्या बारा पुरुषांचे पाय धुतात. तुमचे आजोबा दरवर्षी त्या बारा जणांच्या बाकावर असतात. फादरांना मळ दिसू नये म्हणून मी दुपारीच त्यांचे पाय वज्रीने घासून देत आले. घरोघरी बायका तेच करतात.

यंदा माझे गुडघे वाकेनात. आजोबा मातीने भरलेल्या भेगा घेऊनच गेले. परत आले ते घमेल्यात पाणी घेऊन माझ्यापुढे जमिनीवर बसले.

"पाय पुढे कर."

मी हादरलेच. "अहो, वेड लागलं का? दार उघडं आहे, सून बघेल!"

"बघू दे. चाळीस वर्षं तू धुतलेले पाय मी तिथे धुवून घेतले."

मी पाय मागे ओढले, पण त्यांनी सोडले नाहीत. त्यांचं टक्कल मी पहिल्यांदाच वरून पाहत होते. पुरुष कसा असावा, हे फादर वेदीसमोर गुडघे टेकून दरवर्षी दाखवत होते, आणि मी पाहत होते ते पाय स्वच्छ दिसतात की नाही एवढंच. तुमच्या बाबांनाही मी तसंच, सेवा करून घेणारा पुरुष म्हणून वाढवलं.

तो धक्का अजून ओसरलेला नाही. माझ्या लग्नातली वज्री मात्र अजून टिकून आहे. आता ती आजोबांच्या हातात असते.