सुमतीबाईंच्या घरी गेलेला डबा

कामरेजच्या शाळेत माझा तास चालू होता. शिपाई दारात आला. "साहेब, सुरतेहून निरोप आलाय. तुमच्या सुमतीबाई गेल्या." खडू हातातच राहिला... रंगमंचावर बाई कितीदा मेल्या होत्या, आणि पडदा पडला की उठून चहा मागायच्या.

लग्न होऊन त्या सुरतेला आल्या. मराठी मंडळाच्या नाटकाला नायिका मिळेना, तेव्हा त्यांचे यजमान अण्णा यांनीच त्यांना पुढे केलं. पुढची कितीतरी वर्षं नायिका म्हणजे सुमतीबाईच. माझे वडील कापडाच्या लूमवर कामाला. सुरतेतच, नवागामच्या आमच्या खोलीत अभ्यासाला कोपरा नव्हता. मी बी.ए. झालो तो बाईंच्या घरच्या गॅलरीत बसून. "इथे बस, वाच," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी, गणपतीत, मी आईला त्यांचं नाटक दाखवलं. शेवटच्या अंकात नवरा जातो आणि बाई त्याच्या उशाशी बसून रडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आई पिठलं-भाकरीचा डबा घेऊन निघाली. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी नेतात तो कडू घास. सवाष्णीच्या घरी असा डबा म्हणजे अभद्र. बाईंनी मनाला लावून घेतलं तर गॅलरी गेली, आणि बी.ए.ही. ते नाटक होतं, असं मी आईला परोपरीनं सांगितलं.

"नाटक शे हाई माले बी समजस," आई तिच्या अहिराणीत म्हणाली. "पन इतली रडनी ती बाई. तिनी काय चूल पेटाडी व्हई?"

दार अण्णांनीच उघडलं. धडधाकट, हातात पेपर. डबा पाहून त्यांना सगळं उमगलं. "म्हणजे मी गेलो म्हणायचा," ते म्हणाले. "मग मलाही वाढा, वहिनी. मेल्यालाही भूक लागते."

बाई हसल्या नाहीत. आईला शेजारी बसवून त्यांनी अख्खी भाकरी खाल्ली आणि डबा धुऊन देताना तळाशी साखर घातली. रिकामा डबा परत करायचा नाही, हा त्यांचा नेम.

पुढे मुंबईला जाऊन त्यांनी दोन-तीन गुजराती सिनेमांत कामं केली; कुणाची आई, कुणाची जाऊ. मन रमेना, परत आल्या. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "पडद्यावरही विधवा झाले रे. पण कुणाच्या घरून डबा आला नाही."

त्या गेल्या त्या दिवशी आईनं भाकऱ्या थापल्या. अण्णांनी झाकण उघडलं. या वेळी त्यांना थट्टा सुचली नाही... चार घास मात्र खाल्ले.

परवा ते स्वतः नवागामला डबा परत द्यायला आले. दुःखाच्या घरातून गोड देत नाहीत, हे त्यांना ठाऊक असणारच. ते गेल्यावर आईनं झाकण काढलं. तळाशी मूठभर साखर होती.