कॉम्रेड निगारचं कागदावरचं नाव

स्वीडनमधल्या गॉथेनबर्ग शहरातलं, निर्वासित इराणी डाव्यांच्या पक्षाचं कार्यालय म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळघरातल्या दोन खोल्या. कॉम्रेड निगारने तिथे एकतीस वर्षं दर शनिवारी पक्षाच्या वृत्तपत्राच्या घड्या घातल्या, पाकिटं चिकटवली. आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी आणि शनिवारी हे. पक्ष दोनदा फुटला. फुटलेली माणसं रस्त्यात एकमेकांना ओळख देईनात. पण निगारच्या हातची, शेवया घातलेली दाट आश, म्हणजे इराणी सूप, खायला दोन्हीकडचे येत.

निगार हे तिचं पक्षातलं नाव. इराणमधून निसटून आलेल्या प्रत्येकाने असं एक नाव घेतलं होतं. खरं नाव कुणी कुणाला विचारायचं नाही, हा नियम. मागे राहिलेल्या घरच्यांना झळ लागू नये म्हणून. तिकडे सनंदज शहरात राहिलेला तिचा भाऊ गेल्या वर्षी वारला. आता लपवण्यासारखं काही नव्हतं, पण सवय सुटली नव्हती.

हृदयाची झडप बदलायची म्हणून ती आता हॉस्पिटलात दाखल झाली होती; ऑपरेशन उद्या सकाळी होतं. फॉर्मवर जवळचा माणूस म्हणून तिने पक्षातल्या जुन्या सोबत्याचं, सियामकचं नाव लिहिलं होतं. तो दोनला येणार होता. चार वाजले. आयुष्यात तिने कुणाकडे फारसं काही मागितलं नव्हतं. पण आपलं एकही माणूस न बघता टेबलावर जायचं, हे तिला नको होतं.

तेवढ्यात बाहेरून ओळखीचा आवाज आला. तीस वर्षं चौकात भाषणं करून घोगरा झालेला.

"नाही म्हणजे काय? एकतीस वर्षं ओळखतो मी तिला! दोन तास मजले चढतोय-उतरतोय!"

"आडनाव सांगा," काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणाली.

"निगार! सगळे तिला कॉम्रेड निगारच म्हणतात," सियामक म्हणाला.

"जन्मतारीख?"

सियामक उगाच खिसे चाचपू लागला.

निगार भिंतीला धरत दारात आली. "कॉम्रेड, ओरडू नका. ही सभा नाही."

"अहो, हे लोक म्हणतात तुम्ही इथे नाहीच!"

"आहे ना. गोलअंदाम आझरनूश या नावाने." इतक्या वर्षांनी आपल्याच तोंडून ते ऐकताना तिला कसंसंच झालं.

"गोलअंदाम," तो हळूच म्हणाला. "छान आहे हो."

मुलगी मात्र त्याने पुढे केलेलं ओळखपत्र न्याहाळत होती. "फॉर्मवर सियामक आहे. हे कार्ड तर दुसऱ्याच कुणाचं दिसतंय."

त्याने मागेपुढे पाहिलं. "माझंच आहे. गुलामहुसेन."

निगार छाती धरून हसली. "कामगारांच्या मुक्तीसाठी जन्म घालवला, आणि नावातच गुलाम!"

"आजोबांनी ठेवलंय. मध्यवर्ती समितीला कळवू नका म्हणजे झालं."

मुलीने फॉर्म दुरुस्त केला. "नातं काय लिहू?"

सियामकने निगारकडे पाहिलं. निगार म्हणाली, "घरचा माणूस, असं लिहा."

खोलीत त्याने थर्मासमधून चहा ओतला, खडीसाखर पुढे केली. तिने इराणी पद्धतीने खडा दाताखाली धरून चहाचा घोट घेतला. डोळे भरून आले होते, ते तिने पुसलेही नाहीत.

"तुम्ही आलात. एवढंच हवं होतं मला."

"मी एकटाच? उद्या सातला सगळे येणार आहेत. त्यांना फोन करून तुमचं नाव सांगतो. आता कोण अडवतंय बघू."

"सांगा," ती म्हणाली. "सगळ्यांना सांगा."