ताईचा हेका

यवतमाळच्या दवाखान्यात ताईने माझं ऐकलं, त्याला दीड महिना झाला. माझ्याहून सात वर्षांनी मोठी बहीण. उभ्या आयुष्यात तिने माझं ऐकल्याची ती एकच वेळ...

दिग्रसला बाबांचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान होतं. बाबा गेले, मी नोकरीसाठी नागपूर गाठलं आणि ताई पाना-पक्कड घेऊन दुकानात बसली. कपाशीवर अळी हटत नव्हती, ती वर्षं. फवारताना औषध अंगावर गळून माणसं आजारी पडत. म्हणून दुरुस्त केलेला पंप ताई आधी साध्या पाण्याने भरायची, स्वतःच्या पाठीवर घ्यायची आणि समोरच्या निंबाभोवती फवारत चकरा मारायची. पाठ कोरडी राहिली तरच पंप गिऱ्हाइकाच्या हाती, नाहीतर पुन्हा खोलायचा. एकदा माझ्यासमोरच एक शेतकरी वैतागला, "ताई, मले एसटी पकडाची हाय. कायले हेका करून राह्यल्या?"

"एसटी दुसरी येते, भाऊ. पाठ तुमाले एकच हाय," ताईने मान वर न करता सांगितलं.

हेका हा शब्द आपण कौतुकाने वापरत नाही. मी दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा परीक्षेला बसलो, तर गल्लीभर 'पोरात जिद्द आहे' झालं. ताईने दुकान धरून ठेवलं, तो मात्र हेका. बाईमाणसाची जिद्द आपल्याला ओळखूच येत नाही की काय, कोण जाणे. मीही त्यातलाच. दर दिवाळीला म्हणायचो, हेका सोड, दुकान वीक, नागपूरला चल. ती हसायची. "तुही जिद अन् माहा हेका, एकाच मायचे लेकरं हायेत बाबू," म्हणायची आणि ताटात आणखी एक करंजी वाढायची.

शेवटच्या आजारात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता उपाय नाही, घरी न्यायचं तर न्या. ताईही तेच म्हणत होती, "मले दुकानात ने. दोन पंप खोलून ठेवले हायेत." मलाच तिला सोडवत नव्हतं. म्हटलं, "ताई, आता तरी हेका सोड."

"बरं... सोडला," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तिसऱ्या दिवशी गेली. तिने भांडायला हवं होतं. नेहमीसारखं मला उडवून लावायला हवं होतं.

तेरवीला जो तो म्हणाला, बाई मोठी जिद्दीची. ऐकायला ती नव्हती.

ते दोन पंप अजून तसेच होते. मी रजा वाढवली. शेजारच्या मेकॅनिककडून वायसर बदलायला शिकलो. एक जुळवला, तो गळाला. पुन्हा खोलला. काल नागपूरहून बायकोचा फोन आला. "अहो, द्या ना ते कुणाला तरी दुरुस्तीला. किती हा हेका," ती म्हणाली.

मला हा शब्द आजवर कुणी लावला नव्हता. फोन ठेवला आणि वाटलं, हे आधी ताईला सांगावं.