सिनेमाचा राहिलेला शेवट

"मंग? पुढे काय जायं?"

त्याला काहीही सांगा, 'पुढे काय झालं' हा प्रश्न ठरलेला. सांगणाऱ्याची गोष्ट संपलेली असायची आणि हा मान जराशी तिरपी करून उभाच. बाजारात दोन रिक्षावाल्यांची जुंपली, पोलीस आला, असं कुणी सांगितलं की याचं सुरू, "मंग त्या रिक्षांमधल्या पॅसेंजरचं काय जायं?" आता ते कोण बघतं!

मेहरूणला आमच्या गल्लीत चार घरं सोडून तो राहायचा. मूळचा साक्रीकडचा. बायको दवाखान्यात नर्स, तिला सगळे सिस्टर म्हणत. त्याचं नाव मात्र गल्लीला शेवटपर्यंत कळलं नाही. मुलगी परी, म्हणून हा परीचे पप्पा. सिस्टर ड्यूटीवर, हा घरी. धुणं, भाकरी, परीची वेणी. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, पण तो दार लोटून हे करत असेल. हा ओट्यावर बसून मेथी निवडायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचा.

आमच्याकडे उन्हाळ्यात उडदाचे पापड कुणी एकटीने करत नाही. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. घरटी एक माणूस पोळपाट-लाटणं घेऊन येतं. जिच्या घरून कुणी येत नाही, तिच्याकडे कुणी जात नाही. पहिल्या उन्हाळ्यात सिस्टरच्या घरून हा आला. गल्लीतली सगळ्यात वडील बाई म्हणजे अक्का. ती म्हणाली, "भाऊ, सिस्टरले धाड ना."

"ती ड्यूटीवर शे, अक्का. घरचं माणूस मीच."

आणि मांडी घालून बसला. त्याचे पापड एकीकडे जाड, दुसरीकडे फाटके. आम्ही हसलो, तोही हसला.

तिसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या थोरल्या भावाचा फोन आला. एमआयडीसीत ओळखीने सुपरवायझरची जागा आहे, रविवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांग. वर, "किती दिवस बायकोच्या जिवावर बसशील?" हेही. सिस्टर म्हणाली, "जायचं तर जा, परीचं मी काहीतरी बघते." हे सगळं त्यानेच आम्हाला सांगितलं.

"काहीतरी म्हंजे काय, तेच समजत नाही," म्हणाला.

नेमका त्या शनिवारी आम्हा बायकांचा सिनेमाचा बेत. घरगुती, विनोदी, बाप घरी राहून पोर सांभाळतो असा. परीसकट त्यालाही ओढून नेलं. पडद्यावर दूध उतू जाई, पोरीची वेणी कानावर येई, थिएटर हसे आणि आमची रांग हळूच त्याच्याकडे बघे. सगळ्यांत मोठ्याने तोच हसत होता. शेवट जवळ आला आणि परीला उलटी झाली. तिला उचलून तो बाहेर गेला, तो परत आलाच नाही.

रविवारी सकाळी अक्काच्या गच्चीवर पापड. बसल्या बसल्या त्याने विचारलं, "मंग? पुढे काय जायं?"

आम्ही सगळ्या पोळपाटावर वाकलो.

"शेवट गोड झाला, भाऊ," एक म्हणाली.

"गोड म्हंजे?"

"लास्ट में गाना था, भैया," मारवाडी भाभीने सांगितलं. "बहुत अच्छा गाना था."

"कितलं इचारस रे भाऊ तू!" अक्का वैतागली.

मला असलं गुळमुळीत जमत नाही. आमच्या घराण्यातली पहिली बी. ए. मी, अमळनेरला शिकलेली. आहे ते तोंडावर सांगते. "त्याला मोठी नोकरी लागते," मी म्हटलं. "सूट घालून निघतो. बायको तिच्या ऑफिसला. आई ओवाळते, सगळे टाळ्या वाजवतात. आम्हीपण वाजवल्या."

त्याचं लाटणं थांबलं. "आणि पोरगी?"

"दारातून टाटा करते."

"कोनासंगे?"

आता गंमत बघा. आम्ही सगळ्यांनी सिनेमा पूर्ण पाहिलेला.

"दादी होगी," भाभी म्हणाली.

"आजी तर त्याच्याच गाडीत बसली ना!"

"मग कामवाली?"

"ती तर मध्येच सोडून गेली!"

लाट्या सुकायला लागल्या, तरी त्या पोरीमागे कोण उभं होतं ते कुणालाच आठवेना. तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं. संध्याकाळपर्यंत भावाला उत्तर द्यायचं होतं.

हात पिठाचे, म्हणून त्याने परीला हाक मारली. तिने फोन त्याच्या कानाला लावून धरला.

"दादा, जागा चांगली शे. पन पोरगी कोनाजोडे राही?" बराच वेळ ऐकलं. "ते बठ्ठं खरं, सगळं खरं. पन पोरगी?" पुन्हा ऐकलं. "मंग नाही, दादा."

आणि नवी लाटी घेतली.

थोड्या वेळाने अक्का, कुणाकडे न बघता, म्हणाली, "पुढला रविवार परीच्या पप्पाकडे. बठ्ठ्या या." तोवर ती त्या घराला सिस्टरचं घर म्हणायची.

पुढे सिस्टरची बदली धुळ्याला झाली. टेम्पोत सामान भरताना त्याने पोळपाट-लाटणं सगळ्यात वर ठेवलं. नव्या गल्लीत आधी तेच लागेल, म्हणाला.

या उन्हाळ्यात अक्काच्या गच्चीवर भाभीने नणंदेच्या लग्नात नवरदेव कसा रुसला आणि अखेर कसा मांडवात आला, ते रंगवून सांगितलं. गोष्ट संपली. आम्ही पोटभर हसलो. आणि मग सगळ्यांची लाटणी तशीच थांबली. कुणीतरी "मंग?" विचारील म्हणून आम्ही थोडा वेळ वाट बघत बसलो.