दसऱ्याच्या दिवशी उघडलेला कॉम्प्युटर

घरातला कॉम्प्युटर मुलाने घेतला तेव्हा नात शाळेत होती. आता ती अकोल्याला इंजिनिअरिंगला आहे, आणि तो डबा इकडे अमरावतीत आमच्या बैठकीतल्या टेबलाखाली धूळ खात होता. मी त्याला कधी हात लावला नाही. चौथी शिकलो आणि अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून सारी उमर काढली. मशीन कशाला म्हणावं हे मला कोणी सांगायची गरज नाही. जिच्यातून ना रुई निघते ना सरकी, तिला मी मशीन म्हणत नव्हतो.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी नात आली ती कपड्याच्या बॅगेपेक्षा मोठं खोकं घेऊन. कॉम्प्युटरमध्ये नवं कार्ड टाकायचं म्हणाली. मला वाटलं, असेल रेशनकार्डाएवढं काहीतरी. खोक्यातून जे निघालं ते विटेपेक्षा लांब, हातात घेतलं तर वरवंट्यासारखं जड, आणि त्याला तीन पंखे. आमच्या अख्ख्या बैठकीला एक पंखा आहे. मी ते हळूच खाली ठेवलं.

अभ्यासाला लागत असेल असं मी धरून चाललो. सुनेने सांगितलं की गेम खेळायला आणलं आहे. इंजिनिअर होऊ घातलेली पोरगी, शिकवण्या घेऊन कमावते, आणि हे घेते. मला धक्काच बसला. मग नातीने समजावलं. तिच्या कॉलेजच्या पाच पोरींची टोळी आहे. दसऱ्याच्या संध्याकाळी सामना. होस्टेलचं नेट संध्याकाळी दम तोडतं म्हणून ती घरी आलेली, पण घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो नवा गेम या कार्डाशिवाय उघडतसुद्धा नाही. ती बसली नाही तर बाकीच्या चौघीही बाद.

मी सांगितलं, दसऱ्याला नाही. जिनिंगमध्ये पूजा झाली की त्या दिवशी पट्टा फिरत नसे. मालक समोर उभा असला तरी नाही. औजार वर्षातून एक दिवस आराम करतं, हा माझा नियम आहे आणि माझ्या घरात तो चालतो.

ती चिडली नाही. पेचकस हातात घेऊन सरळ विचारलं, "आबाजी, सकाळी स्कूटरची पूजा करता ना तुमी?"

"करतो. मंग?"

"अन् दुपारी तिच्यावरच बसून सोनं वाटाले जाता. तिले आराम नाई लागत?"

सून तोंडाला पदर लावून आत गेली. मी नियम मागे घेतला. तरी मी एक अट घातलीच, की नवी वस्तू पूजेशिवाय बसवायची नाही, आणि पूजा मीच करणार. ती हो म्हणाली.

दसऱ्याला ती आंघोळीला गेली तेव्हा मी पाट मांडला, कार्ड ठेवलं, झेंडूचं फूल वाहिलं. हळदकुंकू कुठं लावावं ते पाहू लागलो. सगळं काळं कुळकुळीत. एका कडेला मात्र सोन्यासारखी चकाकणारी दातऱ्यांची पट्टी होती. देवाने जागा दाखवावी तशी. मी बोट पाण्यात बुडवून कुंकू कालवलं आणि त्या पट्टीवर चांगली ठसठशीत पाच बोटं उमटवली. वरून अक्षता टाकल्या.

ती बाहेर आली, कार्ड पाहिलं आणि मटकन खाली बसली. मी विचारलं काय झालं, तर हळूच म्हणाली, "आबाजी, सारा करंट तिथूनच जाते."

पण मी आजही सांगतो, पूजा चुकीची नव्हती. जी जागा एवढी नाजूक आहे तिला बनवणाऱ्याने सोन्याचा रंग द्यायचा नाही.

ती रडेल असं वाटलं. रडली नाही. कार्ड उलटं करून हलवलं, पंख्यांतून तांदूळ सतरंजीवर पडले. मग खोडरबर घेऊन एकेक दातरी घासत बसली, कापडाने पुसत, फुंकर मारत. दुपारभर उन्हाच्या तिरपीत ते वाळत ठेवलं. मी सोनं वाटायला गेलोच नाही. पहिल्यांदा चालू केलं तर पडदा काळाच. तिने काढून परत घासलं, परत बसवलं. मग पंखे फिरले आणि पडदा उजळला. मी भिंतीला टेकलो.

सामना सुरू झाला आणि मी हबकून गेलो. चित्र म्हणावं तर खरी भिंत, खरी धूळ. गोळी आली तेव्हा मी पाय मागे घेतला. त्याहून जास्त हबकलो ते नातीला पाहून. पाहुण्यांसमोर मान वर न करणारी पोरगी कानाला हेडफोन लावून चौघींना झापत होती, "अवं डाव्या बाजूनं ये ना वं, झोपली काय." आणि चौघी ऐकत होत्या. डब्यातून गरम वारा माझ्या गुडघ्यावर येत होता.

शेवटपर्यंत बरोबरी, आणि शेवटच्या डावात त्या हरल्या. माझ्या तोंडून शिवी गेली. ती मात्र शांतपणे काहीतरी टाइप करत होती.

"काय लिहून राहिली वं?"

"चांगलं खेळले म्हटलं त्यायले."

"ज्यायनं हारवलं त्यायले?"

"हो. लिहा लागते आबाजी. बाद झालो आमी." आणि ती उठली.

मला काही समजेना. दिवसभर एवढं घासलं, पुसलं, आणि आता हसत निघाली. मी म्हटलं, "कुठं चालली? बस. बोलाव त्या चौघीयले."

"कायले? सामना संपला."

"सरावाले."

ती हेडफोन परत कानाला लावून बसली. मी खुर्ची ओढून तिच्या मागे घेतली. सुनेने आतून हाक दिली, पानं वाढली म्हणून. मी सांगितलं, झाकून ठेव.